मागच्या सीटचा पट्टा

‘मागे बसणाऱ्याला सीटबेल्ट कशाला?’ हा प्रश्न निदान मराठवाड्यात तरी पडू नये, कारण परळीचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात गेले तेव्हा ते मागच्याच सीटवर होते, आणि पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तत्कालीन आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी बोलून दाखवले होते. ताशी ८० किलोमीटर वेगातील गाडी एकाएकी थांबली, तरी न बांधलेले शरीर त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग सुमारे २५ मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाचा असतो. असे शरीर पुढच्या सीटवर आदळते आणि पट्टा लावलेल्या चालकालाही चिरडू शकते. आमच्याकडे मात्र लग्नसराईत दोन माणसे जास्त बसावीत म्हणून मागचे पट्टे सीटच्या फटीत खोचलेले असतात!