प्रेसिडिओ : लष्कर गेलं, भाडेकरू आले. चांगलं झालं की वाईट?

खाडीकाठ

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात पाहुणे आले की गोल्डन गेटवर फोटो, पिअर ३९ चे सी लायन, लोम्बार्ड स्ट्रीटची वळणं, मग घरी येऊन पिठलं-भात. सगळ्यांचा हाच साचा. पुलाच्या दक्षिण टोकाला खेटून सुमारे १५०० एकरांचं प्रेसिडिओ आहे, जुना लष्करी तळ, आता उद्यान, तिथे मात्र कुणाची गाडी थांबत नाही. पर्यटनाच्या धाग्यावर मी "तिथे अर्धा दिवस द्या" असं सुचवलं, तर एका सदस्याने लिहिलं, "तिथे काय आहे? श्रीमंतांची कॉलनी, वर पार्काची पाटी." तो धागा भरकटायला नको म्हणून हा वेगळा काढतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुळात ही ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांची भूमी. १७७६ मध्ये स्पॅनिशांनी इथे ठाणं वसवलं, पुढे ते मेक्सिकोकडे गेलं आणि १८४६ पासून अमेरिकी सैन्याकडे. १९८८ मध्ये तळ बंद करायचा निर्णय झाला आणि १ ऑक्टोबर १९९४ ला जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या हाती आली. हे आपोआप झालेलं नाही. फिलिप बर्टन या खासदाराने १९७२ च्या कायद्यातच तरतूद करून ठेवली होती की लष्कराला ही जागा नकोशी झाली तर ती गोल्डन गेटच्या राष्ट्रीय उद्यानात जाईल. बावीस वर्षं आधी! नाहीतर समुद्रासमोरची, शहरातली एवढी जमीन कुणाच्या घशात गेली असती ते सांगायला नको.

मिळाली खरी, पण शेकडो जुन्या इमारतींचा खर्च कोण करणार? विकून टाका म्हणणारे वॉशिंग्टनमध्ये होतेच. १९९६ मध्ये खासदार नॅन्सी पेलोसींच्या पुढाकाराने प्रेसिडिओ ट्रस्ट ही सरकारी संस्था निघाली. समुद्रकाठचा पट्टा उद्यान खात्याकडे राहिला, आतला साधारण ८० टक्के भाग ट्रस्टकडे आला. अट अशी की २०१३ पर्यंत स्वतःच्या कमाईवर उभं राहायचं, नाही जमलं तर जमीन विल्हेवाटीसाठी सरकारच्या मालमत्ता खात्याकडे. म्हणून बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले, इस्पितळाची जागा सगळं भाड्याने गेलं. ट्रस्टने मुदतीच्या आत जमवून दाखवलं.

माझं म्हणणं सरळ आहे. भाडेकरूंनी भाडं भरलं म्हणून मी फुकट फिरते. तिकीट नाही, फाटकावर पहारेकरी नाही, आत फिरायला फुकट बस. क्रिसी फील्ड ही एकेकाळची विमानांची धावपट्टी, तिथे आज खाजण आहे आणि बगळे उभे असतात. लव्हर्स लेनजवळ निलगिरीच्या झाडांतून अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराने ओंडके आडवे टाकून एक लांबच लांब नागमोडी रेघ ओढली आहे. पोरं त्यावरून हात पसरून तोल सांभाळत चालतात. ओंडक्यांची साल सुटत चाललीय, कडेने बुरशी धरलीय, आणि ते तसंच मातीत मिसळू द्यायचं हाच बेत आहे. तिथे कुणी मला विचारलं नाही की बाई, तुम्ही इथे राहता का.

सदू_सनीवेल

तो सदस्य मीच. पाटी म्हणालो ते मागे घेत नाही.

ताई, तुम्ही बाकावर बसून फुकट धुकं बघता हे खरं. पण चौदाशेच्या आसपास घरं तिथे भाड्याने दिलेली आहेत, बहुतेक बाजारभावाने. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारभावाने! नव्वदच्या दशकात बेघरांसाठी काम करणाऱ्यांनी मागणी केली होती की सैनिकांची रिकामी घरं पडून आहेत, गरजूंना द्या. आंदोलनं झाली, लोकांना अटक झाली. मिळालं काय? काही घरं पाडून निसर्ग आणायचं ठरलं, उरलेली ज्यांना परवडतात त्यांना. राष्ट्राच्या मालकीची जमीन, नि राष्ट्रातल्या किती लोकांना तिथे राहता येतं?

इस्पितळाच्या जागेवर 'स्टार वॉर्स' काढणारं लुकासफिल्म आलं, २००५ मध्ये. लोक त्या सिनेमांतल्या योडाच्या कारंज्यासमोर फोटो काढायला जातात, त्यांना तिथे आधी लेटरमन इस्पितळात जखमी सैनिक असायचे हे माहीत तरी असतं का? अविवाहित अधिकाऱ्यांची इमारत आता हॉटेल आहे. गोल्फ कोर्सही आहेच. आणि हा कारभार बघणार सात जणांचं मंडळ, त्यातले सहा राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. शहराने निवडून दिलेलं कुणी नाही.

शिवाय "स्वतःच्या कमाईवर" वगैरे जरा बेतानं. २०२२ मध्ये काँग्रेसने ट्रस्टला २० कोटी डॉलर दिलेच ना, जुने पाइप नि वायरी बदलायला? मग तेच पैसे करातून दरवर्षी थोडे थोडे देऊन खरंखुरं सार्वजनिक उद्यान चालवता आलं नसतं का?

खाडीकाठ

सदूदादा, आलं असतं. फक्त १९९६ च्या काँग्रेसला ते मान्य नव्हतं. तुम्ही आदर्शाशी तुलना करताय, मी जे होऊ घातलं होतं त्याच्याशी करतेय.

गोल्फ कोर्सचं बोललात म्हणून सांगते, लष्कर असताना तिथे अधिकारी आणि खासगी क्लबचे सभासदच खेळायचे. सामान्यांसाठी ते उघडलं तळ बंद झाल्यावर. बेघर माजी सैनिकांसाठीही एका संस्थेची निवासी इमारत आत आहे, २००० पासून. पुरेशी नाही, पण "काहीच नाही" असंही नाही.

आणि श्रीमंतांचंच सगळं चालत असेल तर गॅप कंपनीच्या डॉन फिशरांना त्यांचं कलासंग्रहालय मुख्य चौकात बांधता आलं असतं. लोकांनी एवढा विरोध केला की २००९ मध्ये त्यांनी नाद सोडला. खुद्द जॉर्ज लुकास, आतलाच भाडेकरू, त्यांना क्रिसी फील्डसमोर संग्रहालय हवं होतं. २०१४ मध्ये ट्रस्टने नाही म्हटलं.

पेठेतला_माणूस

एवढं वाचून मला आमचं पुणे कॅम्प आठवलं. लष्कर होतं म्हणून घोरपडी-वानवडीकडे झाडं दिसतात, नाहीतर तिथेही पार्किंगचे तीन मजले नि वर फ्लॅट झाले असते. आता कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत विलीन करायचं चाललंय. तो बर्टन का कोण, त्याच्यासारखं कलम कुणी आधीच लिहून ठेवलंय का इकडे? बिल्डरने नक्कीच काहीतरी लिहून ठेवलं असेल.

सदू_सनीवेल

@पेठेतला_माणूस, पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे हो, सैन्य तिथून हललेलं नाही. रिकामा झालेला तळ आणि चालू असलेलं ठाणं यांची तुलना होत नाही.

पेठेतला_माणूस

तुलना कुठे केली? धास्ती बोलून दाखवली.

निशिगंध

भाडं, घरं, गोल्फ... चर्चा चालू द्या. पण या जागेचा सगळ्यात मोठा प्रसंग अजून कुणाच्याच प्रतिसादात आलेला नाही, ह्याचं नवल वाटलं.

१९४२ च्या वसंतात जनरल जॉन डेविट यांचं मुख्यालय इथेच होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावणारे हुकूम याच तळावरून निघाले. सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली, त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक. विजेच्या खांबांवर डकवलेल्या त्या नोटिशींवर पत्ता असायचा, प्रेसिडिओ ऑफ सॅन फ्रान्सिस्को.

आणि त्याच तळावर, खाली क्रिसी फील्डच्या कडेला ६४० क्रमांकाची एक गोदामवजा इमारत आहे. नोव्हेंबर १९४१ पासून तिथे सैन्याची गुप्त भाषाशाळा भरत होती. साठेक विद्यार्थी, जवळजवळ सगळे जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक. शत्रूची कागदपत्रं वाचायला, कैद्यांची चौकशी करायला त्यांना लष्करी जपानी शिकवत होते. पहिली तुकडी मे १९४२ मध्ये शिकून बाहेर पडली. ही मुलं खाली युद्धासाठी पुस्तकं घोकत होती आणि वर टेकडीवर त्यांच्याच आईबापांना घराबाहेर काढायचे कागद तयार होत होते. मधलं अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं.

आज ६४० मध्ये छोटं संग्रहालय आहे, २०१३ मध्ये उघडलेलं. आठवड्यातून मोजकाच वेळ चालू असतं. मी गेले तेव्हा आत आम्ही दोघं आणि एक स्वयंसेवक आजोबा. बाहेर क्रिसी फील्डवर माणसांची जत्रा, पतंग, कुत्री, केक. खाडीकाठ, तुमच्या अर्ध्या दिवसाच्या यादीत ओंडके आले, बगळे आले, ही इमारत आली नाही. माझा आक्षेप भाड्यावर नाहीच. जागा सुंदर करता करता ती निरुपद्रवी करून टाकली, यावर आहे.

(जाता जाता: प्रेसिडिओच्या दक्षिण वेशीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ५ वुड स्ट्रीटला गदर पार्टीचं स्मारक आहे. विष्णू गणेश पिंगळे, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ही आपलीच माणसं त्या चळवळीतली. पाहुण्यांना योडाऐवजी ते दाखवा.)

खाडीकाठ

निशिगंधताई, निरुपद्रवी हा शब्द मला पटत नाही. आत ३०,००० च्या आसपास थडगी असलेलं राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीचं मैदान आहे, ते कुणी झाकलेलं नाही. डेविटच्या हुकमांवर मुख्य चौकातल्या ऑफिसर्स क्लबमध्ये मोठं प्रदर्शनही भरलं होतं. लोक पतंग उडवायला आले म्हणून इतिहास पुसला जात नाही. उलट तळ विकला गेला असता तर ६४० उरली असती का? तिथे आज तळघरात जिम असलेली इमारत असती.

निशिगंध

प्रदर्शन भरतं आणि उतरतं. योडा कायमचा आहे.

झाडपाला

वनस्पतींवर कुणी बोललंच नाही, म्हणून घुसतो. लोक ज्याला "जंगल" म्हणून वाखाणतात ते सगळं सैन्याने लावलेलं आहे. १८८३ मध्ये मेजर जोन्स यांनी आराखडा केला, मग निलगिरी, मॉन्टेरी सायप्रस आणि मॉन्टेरी पाइन रांगेत उभे केले. वारा अडवायला, आणि तळ शहराहून भारदस्त दिसावा म्हणूनही. नीट बघा, झाडं अजून कवायतीला उभी असल्यासारखी ओळीत आहेत. त्याआधी इथे वाळूच्या टेकड्या, गवत आणि खुरटी झुडपं होती.

त्या वाळूतलं काय गेलं? झर्सीस ब्लू नावाचं निळं फुलपाखरू. या शहराच्या वाळूतलं, १९४० च्या दशकात जगातून नाहीसं झालं. २०२४ मध्ये त्याच्या जवळच्या नात्यातली दुसरी निळी फुलपाखरं आणून प्रेसिडिओच्या वाळूत सोडली. हे काम भाड्याच्या पैशाने सांभाळलेल्या जमिनीवर झालं हे सदूरावांनी लक्षात घ्यावं.

आणखी एक. रेव्हन्स मँझनिटा या झुडपाचं अख्ख्या जगात रानात उरलेलं एकच मूळ झाड इथे आहे. कुठे ते सांगत नाहीत. त्याचीच चुलत बहीण, फ्रान्सिस्कन मँझनिटा, १९४७ पासून रानातून संपली असं धरून चालले होते. २००९ मध्ये पुलाकडे जाणाऱ्या महामार्गाचं काम चालू असताना एक झुडूप रस्त्याकडेला सापडलं, वाहतुकीच्या मधोमध! जानेवारी २०१० मध्ये मातीच्या अख्ख्या ढेकळासकट क्रेनने उचलून प्रेसिडिओतच दुसरीकडे लावलं.

माझी तक्रार वेगळी आहे. तोच महामार्ग बोगद्यात घालून वर २०२२ मध्ये १४ एकरांचं टनेल टॉप्स उद्यान केलं. हिरवळ, सायप्रसच्या ओंडक्यांची बाकं, खाद्यपदार्थांच्या गाड्या. तिथून पूल झकास दिसतो हे कबूल. पण सगळे कॅमेरे तिकडे आणि लोबोस क्रीकच्या वाळूवरच्या लाकडी वाटेवर चिटपाखरू नाही. देखाव्याला देणगीदार मिळतात, वाळूला मिळत नाहीत. भाडं आणि देणग्या यांवर उद्यान चाललं की ते हळूहळू फोटोच्या दिशेने झुकतं, हा धोका आहेच.

दोन_पिलांचा_बाबा

आमच्यासारख्यांसाठी थोडं व्यवहाराचं: आत पार्किंगला पैसे पडतात, "सगळं फुकट" समजून जाऊ नका. टनेल टॉप्सच्या खाली मुलांचं खेळायचं ठिकाण उत्तम आहे, संडास स्वच्छ. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना जुलैत सुती साडी-झब्ब्यात नेऊ नका, वारा हाडात शिरतो. आईने माझं जॅकेट काढून घेतलं आणि वर मलाच विचारलं, "ह्याला उन्हाळा म्हणता?" बाकी राजकारण चालू द्या.

सदू_सनीवेल

झाडपाला यांचा शेवटचा मुद्दा मी सुरुवातीपासून म्हणतोय तोच आहे, फक्त त्यांनी फुलपाखराआड लपवला.

आता मुख्य गोष्ट. खाडीकाठताईंचा सगळा डोलारा यावर उभा आहे की स्वतः कमावलं की कुणी हात लावणार नाही. १९ फेब्रुवारी २०२५ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश आठवतोय? सरकारी पसारा कमी करायचा म्हणून ज्या मोजक्या संस्थांची नावं घेतली त्यात प्रेसिडिओ ट्रस्ट होता. दरवर्षीचं अनुदान न घेणारी संस्था! तिला कमी करून वाचणार काय होतं? म्हणजे तीस वर्षं बाजारभावाने भाडी घेऊन, हॉटेलं उघडून जे विकत घेतलं ती सुरक्षितता नव्हतीच. मग तेवढ्यासाठी घरं गरिबांना नाकारली ती कशासाठी?

खाडीकाठ

त्या आदेशातच "कायद्याच्या मर्यादेत राहून" असं लिहिलेलं होतं, आणि ट्रस्ट काँग्रेसच्या कायद्याने झालाय. एका सहीने मोडत नाही. त्या वेळी तिथे नवीन शहर वसवायच्या कल्पनाही काहींनी मांडल्या होत्या. ट्रस्टकडे भाडेकरूंचे करार नसते, तिजोरीत स्वतःचे पैसे नसते आणि दरवर्षी वॉशिंग्टनपुढे हात पसरावा लागत असता, तर त्या महिन्यात पहिला कुलूप-किल्लीचा प्रश्न इथेच आला असता. घरांबाबत तुमचा राग मला कळतो. पण तो शहराच्या घरभाड्यावरचा राग आहे, तो सगळा या १५०० एकरांवर काढू नका.

सदू_सनीवेल

शहरावर कुठे काढू? तिथे निदान मतदान तरी असतं.

पेठेतला_माणूस

निशिगंधताई, ते ६४० नंबर नक्की कुठल्या वारी उघडं असतं? भाऊ तिकडे सांताक्लाराला असतो, त्याला पाठवतो. भांडण नंतर वाचतो.