टीम लीड झालो पण आपण त्या लायकीचे नाही असं सारखं वाटतं

साताऱ्यात मराठी मीडियम, आता पुण्यात आयटीत ६ वर्षं. गेल्या महिन्यात लीड केलं तेव्हापासून कॉलवर अनम्यूट करायला हात धजत नाही, वाक्यं आधी वहीत लिहून ठेवतो, वाटतं कधीतरी पितळ उघडं पडणार. कुणाला असं झालंय?

> हो रे, मला पण. याला इम्पोस्टर फिनॉमेनन म्हणतात, १९७८ मध्ये क्लान्स आणि आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी हे मांडलं ते कर्तबगार बायकांशी बोलूनच, म्हणजे काम येत असूनही असं वाटतं.

> वही सोडू नकोस. मी मागच्या पानावर रोज सोडवलेला एक बग लिहायचे, अप्रेजलच्या आदल्या रात्री वाचलं आणि खरंच रडू आलं, एवढं केलं होतं मी. झोप उडाली असेल तर मात्र काउन्सेलरकडे जाच.

> थँक्स ताई, आजपासून लिहितो.