मदत हवी आहे: १९७१ ची फियाट डिलाइट, खालच्या पेट्या वेल्ड करताना जादा चॅनेल मारू की नको?

नमस्कार मंडळी,

बाबांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट पूर्ण उघडलीये. इंजिन-गिअरबॉक्स खाली, सीटा बाहेर, फ्लोअरवरचा डांबराचा थर खरवडून काढला आणि आता खरी परिस्थिती दिसतेय. टप, पिलर, डिकी चांगलं आहे, पण दोन्ही बाजूंच्या सिल (दाराखालची लांब पेटी) आतून पार गेल्यात, ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो, आणि मागच्या पाट्यांचं (स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) पुढचं टोक जिथे बोल्ट होतं तिथला पत्रा पापुद्रे सुटल्यासारखा झालाय. जॅक लावायची जागा नावालाच उरलीय.

या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. म्हणजे सिल, मधला बोगदा आणि फ्लोअर मिळून जी ताकद येते तीच. म्हणून मला हे काम वरवरचं करायचं नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात की जुना पत्रा राहू दे, खालून पुढून मागपर्यंत ४० बाय ४० चा चौकोनी पाइप किंवा ३ एमएमचं सी चॅनेल आर्कने मारून टाकू, गाडी हलणार पण नाही. माणूस अनुभवी आहे, मी त्यांच्या हातची कामं बघितलीत, पण हे काही मनाला पटत नाहीये, एवढ्या पातळ पत्र्यावर एवढं जाड लोखंड टिकेल का?

दुसरं म्हणजे गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे, मला व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचंय, ते नंबरात VA (व्हीए) अक्षरं येतात ते. खाली चॅनेल दिसलं तर अडचण येईल का?

पत्रा किती गेजचा घ्यावा, सलग वेल्ड की टाके, आणि सिल कापताना बॉडी बसू नये म्हणून काय करायचं, हे कुणी केलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. घाई नाही, नीट व्हायला हवं.

गॅरेजकट्टा:

आधी मिस्त्रींना थांबवा. गंजलेल्या पत्र्यावर जाड पाइप मारला की सगळा जोर पाइपच्या दोन टोकांवर येतो आणि तिथेच शेजारचा पातळ पत्रा फाटतो, वेल्डच्या कडेनेच चीर जाते. शिवाय पाइप आणि जुन्या पत्र्याच्या मधे पाणी बसणार ते वेगळंच. मूळ पेटी मूळ आकारात परत बनवली तर वेगळ्या चॅनेलची गरज पडत नाही.

सिलला १८ गेज सीआरसीए (साधा कोल्ड रोल्ड पत्रा) घ्या, म्हणजे साधारण १.२ एमएम. पाट्याच्या माउंटिंगला आणि जॅकच्या जागेला आतून १६ गेजची दुसरी पट्टी द्या, पण तिचे कोपरे गोल करा आणि टोकं निमुळती ठेवा, चौकोनी तुकडा ठोकू नका. जीपी (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा टाळा, जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वेल्डिंग सीओटूवर (वायर आपोआप पुढे येते ते मशीन), ०.८ एमएमची वायर. कंपनीत जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ७-८ एमएमची भोकं पाडून ती भरायची, दर ३०-४० एमएमला एक. बट जॉइंटला (कडेला कड भिडवलेल्या जोडाला) टाके, एक इथे एक तिकडे लांब, हात लावता येईल इतकं गार झालं की पुढचा. सलग ओढलं की पत्रा ताणला जातो आणि दाराचा गॅप गेला.

कापायच्या आधी हे कराच: गाडी लेव्हलवर घ्या, घोड्या (स्टँड) सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ द्या म्हणजे वजन चाकांवर असल्यासारखं राहील. दारांच्या चौकटीत २५ एमएमचा पाइप आडवा-तिरका टाक्यांवर लावा, कर्ण मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दार बिजागरीवर टांगून दर थोड्या टाक्यांनी लावून बघा, हे ब्रेसिंग (आधाराचे पाइप) दाराच्या आड येणार नाही असं आतून घ्या. आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढा, नुसती रिकामी करून चालत नाही, वाफ आत राहतेच.

जुनीगाडी:

सीओटू ठीक, पण गॅस वेल्डिंगला नावं ठेवू नका. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी (याच गाडीचं पुढचं रूप) जन्मभर गॅस वेल्डिंगच्या ठिगळांवर चालल्या.

गॅरेजकट्टा:

मान्य आहे दादा, आणि मडगार्डला मी पण गॅसच म्हणेन, गॅसचा जोड मऊ राहतो, हातोडी-डॉलीनं (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यानं) बसवता येतो. पण सिलमधे गॅसनं मोठा भाग तापतो आणि लांब पेटी पिळली जाते. तिथे नको.

रजिस्ट्रेशनचं: जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण पाहिजेत आणि गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमधे बदल झालेला नको. कुजलेला पत्रा त्याच आकारात बदलणं मी दुरुस्ती मानतो, पण खालून नवीन चॅनेल हा सरळ सरळ बदल दिसेल. कापायच्या आधी, मधे, नंतर फोटो काढा आणि आरटीओत आधीच विचारून घ्या. चॅसिस नंबर ठोकलेल्या पत्र्याला ग्राइंडर लावू नका. आणि हे लक्षात घ्या की व्हीए नंबरवर रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर.

धागाकर्ता:

खूप खूप आभार. रोज फिरवता येत नाही हे घरी सांगायला लागेल, आईला त्या गाडीतून देवाला जायचंय, म्हणजे कदाचित साधं रिन्यूअलच करू.

मिस्त्रींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पाइप नको यावर ते तयार झालेत, सीओटू मशीन शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणणार. पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे, बंद पेटीच्या आत वेल्डजवळ रंग जळणार त्याचं काय?

गॅरेजकट्टा:

जोडाच्या जागी वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतो तो) लावा, पण वेल्ड भरायच्या भोकाच्या आतला खरवडून काढा. काम झाल्यावर लांब नळीनं पेटीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. पाणी जायची मूळ भोकं मोकळी ठेवा, सिल गंजण्याचं अर्धं कारण ती बुजलेली असतात.

धागाकर्ता:

उजव्या पाट्याच्या माउंटिंगचा मूळ आकारच उरलेला नाही आणि डावं पण अर्धं गेलंय. कुणाकडे न कापलेली डिलाइट किंवा जुनी पद्मिनी असेल तर खालून फोटो, आणि बोल्टच्या भोकापासून सिलच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजून द्याल का? ते मिळेपर्यंत मागे कापत नाही, पुढून डाव्या सिलपासून सुरुवात करतो.