क्लोरीन टाकताच स्विमिंग पूलचं पाणी चहासारखं झालंय

माडाची_सावली (गुहागर):
नमस्कार मंडळी. घरामागे कलमांच्या कडेला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद स्विमिंग पूल बांधून घेतलाय, सरासरी खोली सव्वा मीटर. बोअरच्या पाण्याने भरला तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या टाइल्सच्या फटी मोजाव्यात. संध्याकाळी क्लोरीनची पावडर टाकली आणि सकाळी बघते तर कोऱ्या चहाचा रंग! बांधणारा म्हणतो शेवाळ आहे, अजून पावडर टाका. शेजारचे काका म्हणतात, सगळं सोडून द्या आणि विहिरीचं भरा. पण मे लागलाय, विहिरीने तळ गाठलाय. ४० हजार लिटर पाणी ओतून द्यायला जीव होत नाही.

कातळकडा (दापोली):
ताई, पाणी अजिबात सोडू नका. मी मुरुड-कर्दे पट्ट्यातल्या घरांचे पूल सांभाळतो, हा रंग ओळखीचा आहे. शेवाळाचं पाणी हिरवं, गढूळ होतं आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागतं. तुमचं पाणी तपकिरी आहे. ते लोखंड आहे. आपला जांभा दगड लाल कशामुळे? लोहामुळेच. बोअरमध्ये खाली हवा नाही, म्हणून लोह पाण्यात विरघळलेलं राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन लागला की त्याचा गंज होतो.

खात्री करून घ्या. पांढऱ्या बादलीत बोअरचं ताजं पाणी घ्या, चिमूटभर पावडर टाका, ढवळा. थोड्या वेळात पिवळट-तपकिरी झालं तर प्रश्न मिटला.

आता तो गंज खाली बसवून बाहेर काढायचा. आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, ७.४ ते ७.६ वर आणा, त्याखाली लोह नीट बसत नाही. मग ६५ टक्केवाली क्लोरीनची पावडर ६०० ग्रॅम. तुमच्या पाण्यात तिने १० पीपीएमच्या (लिटरला १० मिलिग्रॅम) आसपास क्लोरीन होतो आणि उरलेलं लोहही गंजून बाहेर येतं. पावडर बादलीभर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. ॲसिडच्या किंवा क्लोरीनच्या गोळ्यांच्या भांड्याला तर ती लागूसुद्धा देऊ नका, विषारी वायू होतो, भडकाही उडतो.

दुसऱ्या दिवशी दीड ते दोन किलो तुरटी विरघळवून सगळीकडे फिरवा. तासभर पंप चालवा आणि रात्रभर बंद. सकाळी तळावर तांबूस गाळाचा मऊ थर दिसेल. त्यात पाय टाकू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. गाळ ओढायला व्हॅक्यूम लावताना व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर हवा, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर पडतं. फिल्टरमधून ओढलात तर तोच गंज फिल्टरच्या वाळूत अडकतो, थोडा परतही येतो. यात वीतभर पाणी जाईल, तेवढं जाऊ द्या.

तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) दोन्ही उतरतात. अल्कलिनिटी ८० पीपीएमच्या खाली गेली तर खाण्याचा सोडा घाला. पावणेसातशे ग्रॅमला तुमच्याकडे १० पीपीएम वाढते. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर आला की मगच पोहायचं.

टाइल्सवर तांबूस डाग राहिलेच तर व्हिटॅमिन सीची गोळी डागावर दाबून धरा. गोळीच्या आकाराचा स्वच्छ ठिपका उमटला तर तो लोखंडाचाच डाग.

खाजणवाट (मालवण):
माझं मत, पावसाळ्यात पूल रिकामाच ठेवावा. कोण पोहतंय त्या पावसात? केमिकलचा खर्च वाचतो.

कातळकडा:
दादा, हे मात्र कोणी करू नका, मी हात जोडून सांगतो. जुलैत आपल्या विहिरी काठोकाठ भरतात, म्हणजे जमिनीतलं पाणी पूलच्या तळापेक्षा वर आलेलं असतं. आत ४० टन पाणी असतं म्हणून तळ दबून राहतो. ते काढलंत की खालचं पाणी तळ वर ढकलतं. फरशी फुगते, भिंतीला तडा जातो, अख्खा पूल उचलला गेल्याचीही उदाहरणं आहेत.

उलट पाऊस आपलं काम करतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ताईंच्या ३२ चौरस मीटर पूलमध्ये नुसतं आभाळातून ९६ हजार लिटर पडेल, म्हणजे पूलच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात लोह नाही. ओव्हरफ्लोचं तोंड पाचोळ्याने तुंबू देऊ नका. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास नसतेच, त्यामुळे पीएच घसरतो. आठवड्याला तपासून सोडा घालत राहायचं, पंप रोज थोडा तरी फिरवायचा.

माडाची_सावली:
बादलीतलं पाणी पाच मिनिटांत तपकिरी झालं, दादा! तुरटी आजच आणते. पण मे महिन्यात उडालेलं पाणी भरायचं कुठून? बोअरशिवाय सोय नाही. आणि तो गाळ पऱ्यात, म्हणजे खालच्या ओढ्यात, सोडू का?

कातळकडा:
पऱ्यात नको, खाली कोणाची तरी विहीर असते. उघड्या खड्ड्यात दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, क्लोरीन उडाला की माडांना घाला.

बोअरचं पाणी थेट पूलमध्ये नको. आधी टाकीत, तेही उंचावरून फवारा पडेल असं सोडा. हवा लागली की लोह गंजतं. दिवसभर निवळू द्या आणि तळाची वीतभर उंची सोडून वरचंच पाणी घ्या. टाकीचा नळ अगदी बुडाशी असेल तर प्लंबरकडून आजच वर घ्या.