'नन'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, वर्ड्‌स्वर्थचं 1802चं सुनीत मराठीत आणतोय, फ्रान्समधल्या कॅलेच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या संध्याकाळचं. ती पवित्र वेळ ननसारखी शांत आहे, आराधनेत तिचा श्वास थबकलाय, अशी उपमा आहे. 'नन'शीच गाडी अडलीय. जोगीण लिहिलं तर भगवी कफनी दिसते, साध्वी म्हटलं की जैन, भिक्षुणी बौद्ध. 'व्रतस्था' कसं वाटतं?

– कानाला छान, पण डोळ्यांसमोर कुणीच उभं राहत नाही. आम्ही वसईकडे 'सिस्टर' म्हणतो, पण ते लिहिलंत तर बाकीच्यांना दवाखाना आठवेल. सरळ 'नन'च ठेवा, शब्द रुळलेला आहे. जपायचा आहे तो पुढचा शब्द. 'ॲडोरेशन'चं 'भक्ती' करू नका, भक्तीला आपल्याकडे टाळ-मृदंगाचा आवाज आहे. आमच्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीसमोर, गुडघे टेकून तासभर गप्प राहतात, ती 'आराधना'. इंग्रजीत तिला हाच शब्द. कवी प्रॉटेस्टंट, उपमा मात्र कॅथलिकांच्या घरातली. तीही फ्रान्सच्या किनाऱ्यावर, जिथे क्रांतीवाल्यांनी मठांतली व्रतं 1790मध्येच रद्द करून टाकली होती!

– 'वेळ'ला 'तिन्हीसांज' नको, एवढंच सुचवतो. तिन्हीसांजेला दिवा लावायची लगबग असते, इथे सगळं थांबलंय.

बरं, आणि आकाशाची मृदुता समुद्रावर 'ब्रूड' करते, तिथे मी 'चिंतन करते' असं लिहिलंय.

– अहो, ते चिंतन नव्हे! कोंबडी अंड्यांवर बसते ते ब्रूड. आमच्या आजीची कोंबडी खुडूक झाली की पिसं फुलवून टोपलीत बसायची, हात घातला की टोचायची. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट'च्या आरंभीच पवित्र आत्म्याला कबुतरासारखं अथांग पोकळीवर उबवायला बसवलंय, आणि त्यामागे बायबलच्या पहिल्याच अध्यायातला, पाण्यावरचा देवाचा आत्मा. तेव्हा 'पंख पसरून बसलीय' म्हणा. खुडूक नको, लोक हसतील.

– मला खरी धास्ती शेवटच्या ओळींची. सोबतची मुलगी 'अब्राहामाच्या कुशीत' आहे, असं कवी म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात गरीब लाजर मेल्यावर तिथे जातो, त्यामुळे जाणत्या वाचकाला मुलगी वारली असं वाटायचं. ती तर वर्ड्‌स्वर्थची लेक कॅरोलिन, 9 वर्षांची, बापाबरोबर वाळूत चालणारी. पुढे ती मंदिराच्या आतल्या गाभाऱ्यात पूजा करते. यरुशलेमच्या मंदिरात त्या जागी फक्त महायाजक, म्हणजे ज्यूंचा मुख्य पुरोहित, जाई, तोही वर्षातून एका दिवशी. म्हणून तिच्यासाठी कवीने 'वर्षभर' हा शब्द घातलाय. तो तेवढा गाळू नका.

गाळला होता. मात्रांत बसत नव्हता.