स्मृतिभ्रंशाची तपासणी सोसायटीत सरसकट करावी का?

सचिव, सकाळी ८:१०
सर्व सभासदांना नमस्कार. एका खाजगी प्रयोगशाळेने आपल्या सोसायटीतील ६० वर्षांवरील सर्वांसाठी ‘स्मरणशक्ती तपासणी शिबिर’ घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. प्रत्येकी ९९९ रुपयांत दहा मिनिटांची प्रश्नावली, एक रक्ततपासणी आणि त्यानंतर स्मरणशक्तीच्या गोळ्यांवर सवलत, असे त्याचे स्वरूप आहे. चारही विंग मिळून आपल्याकडे ज्येष्ठांची संख्या २०० च्या घरात आहे. रविवारी क्लब हाउस मोकळे आहे. तरी होकार कळवण्यापूर्वी आपले मत येथे लिहावे.

बी-२०४, सकाळी ८:३२
सचिव साहेब, माझा होकार धरावा. सासूबाई गेल्या काही महिन्यांपासून एकच गोष्ट चार-चार वेळा विचारतात. परवा देवापुढे दिवा लावून झाला आणि दहा मिनिटांनी त्या पुन्हा वाती वळायला बसल्या. घरात सगळे ‘आता वय झाले’ एवढेच म्हणतात. काय ते एकदा कळले तर बरे, असे मला वाटते.

ए-६०१, सकाळी ९:०५
नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य खात्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बी-२०४ ताई, तुमच्या सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणे आवश्यकच आहे आणि त्यासाठी शिबिराची वाट पाहू नका. मात्र, ज्याला काही तक्रार आहे त्याची तपासणी करणे आणि ज्यांना काहीच तक्रार नाही अशा सर्वांना रांगेत उभे करून चाळणी लावणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे. हे प्रमाण आपल्या २०० ज्येष्ठांना लावले तर साधारण १५ जण येतात. आता समजा, ती दहा मिनिटांची प्रश्नावली शंभरातल्या ८० रुग्णांना बरोबर ओळखते आणि शंभरातल्या ८० निरोगी माणसांना बरोबर निरोगी ठरवते. मग १५ पैकी १२ जण सापडतील, तिघे निसटतील आणि उरलेल्या १८५ निरोगी ज्येष्ठांपैकी ३७ जणांच्या हातात ‘संशयास्पद’ अशी चिठ्ठी पडेल. म्हणजे चिठ्ठी मिळालेल्या ४९ जणांपैकी ३७ जणांना काहीही झालेले नसेल. ती चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या माणसाची झोप उडते, मुले आर्थिक व्यवहार त्याच्या हातून काढून घेतात, आणि मग एमआरआयचा खर्च सुरू होतो. तक्रार नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे सांगण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० मध्ये दिला. ब्रिटनची राष्ट्रीय चाळणी समितीही अशा चाळणीची शिफारस करत नाही.

रक्ततपासणीबद्दलही सांगते. अल्झायमरशी, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराशी, संबंधित प्रथिने रक्तात मोजता येतात हे खरे आहे आणि २०२५ मध्ये अशा एका चाचणीला अमेरिकेत मान्यताही मिळाली; पण ती लक्षणे असलेल्या, ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. क्लब हाउसमध्ये नाश्त्यानंतर सगळ्यांचे रक्त घेण्यासाठी नव्हे.

सी-१०३, सकाळी ९:४०
डॉक्टर मॅडम, आपला हिशेब मला पटतो, तरीही माझा अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यभर आकड्यांत वावरलेला माणूस, सोसायटीचे हिशेबही त्यांनी सहा वर्षे पाहिले. एका दिवाळीच्या साफसफाईत त्यांचे पासबुक माझ्या हाती लागले. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘विजेचे बिल भरले’ असे लिहिले होते, त्याखाली पुन्हा तेच आणि त्याखाली पुन्हा तेच. तिन्ही ओळींवर एकाच महिन्याच्या तारखा, आणि तिसऱ्या ओळीतले अक्षर वडिलांचे वाटू नये इतके वाकडे. खात्यातून पैसे तीनदा गेले होते. आपली स्मरणशक्ती जाते आहे हे त्यांना आमच्या आधी कळले होते आणि ते एकटेच त्याच्याशी झगडत होते. त्यानंतरही आम्ही दीड वर्ष घालवले, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते. त्या दीड वर्षात त्यांच्या इच्छा विचारता आल्या असत्या, कागदपत्रे त्यांच्या सहीने नीट करता आली असती. तेव्हा शिबिर नको म्हणताना, ज्यांच्या घरात असे पासबुक सापडले आहे, त्यांनी कुठे जायचे हेही ठरवू या.

ए-६०१, सकाळी १०:०२
दादा, तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. मी विरोध करते तो सरसकट चाळणीला. वेळेवर निदान व्हावे असे मलाही तळमळीने वाटते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाबरोबर चालते. परंतु नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, ओळखीचा स्वयंपाक करताना क्रम न जमणे, पैशांच्या व्यवहारात वारंवार गफलत होणे, स्वभावच पालटणे, असा बदल सहा महिन्यांत-वर्षात दिसला, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. याचे आणखी एक कारण आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे काम मंदावणे, नैराश्य, झोपेच्या किंवा काही ॲलर्जीच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, यांमुळेही माणूस स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागतो आणि यांवर उपचार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-१२ कमी असणे तर मी रोज पाहत असे.

बी-२०४, सकाळी १०:१५
मॅडम, एक शंका आहे. सासूबाई दुसरीपर्यंतच शिकल्या आहेत. मागे एका ठिकाणी त्यांना घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, १०० मधून सात-सात वजा करायला सांगितले. त्यांना ते जमले नाही आणि त्या रडवेल्या झाल्या. त्यांना ते कधीच जमले नसते.

ए-६०१, सकाळी १०:३१
तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि ती केवळ तुमच्या घरापुरती नाही. बहुतेक चाचण्या शिकलेल्या माणसांसाठी तयार झाल्या आहेत. हरियाणातील बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात संशोधकांना हीच अडचण आली, कारण गावातील बहुतेक ज्येष्ठ निरक्षर होते. तेव्हा त्यांनी हिंदीत नवी चाचणी बांधली. कागदावरची ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचायला लावण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसेच करा’ असे सांगून तपासनीस स्वतःचे डोळे मिटत असे. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावत असत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईची बुद्धी आणि तिची पाटी-पेन्सिल यांत गल्लत होऊ नये, एवढीच त्यामागची तळमळ. म्हणून सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना गुणांपेक्षा तुमचे निरीक्षण सांगा: पूर्वी काय जमत होते, आता काय जमत नाही, केव्हापासून. आपल्या देशातील पाहणीतही हा आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आणि खेड्यांत शहरांपेक्षा अधिक आढळला आहे, आणि शिक्षणाची संधी न मिळणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

डी-५०२, सकाळी ११:२०
माझ्या आईला हा आजार होता. मी ५४ वर्षांची आहे. मला तो होणारच, हे धरून चालावे का? जनुकांची तपासणी करून घ्यावी का? कृपया स्पष्ट सांगावे.

ए-६०१, सकाळी ११:४५
ताई, होणारच असे मुळीच नाही. काही जनुकांमुळे धोका वाढतो, पण बहुतांश घरांत तो धोकाच असतो, निकाल नव्हे. अनेक पिढ्यांत अगदी तरुण वयात आजार झाला असेल, तर अनुवंशतज्ज्ञांशी बोलावे. एरवी त्या तपासणीने तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. फरक पडतो तो तुमच्या या वयात, चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि याच मुद्द्यावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा हिशेब केला. हा हिशेब लोकसंख्येचा आहे. एका माणसाला दिलेली हमी नव्हे. पण त्या यादीत आहे काय, ते पाहा: उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, बैठी सवय, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, दूषित हवा, कमी शिक्षण, आणि उपचार न केलेली कानांची व डोळ्यांची कमजोरी. यांतले बहुतेक मोजायला ९९९ रुपये लागत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग यांसारख्या जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नियमित देण्याचा कार्यक्रम काही वर्षांपूर्वी सुरू झाला, तेव्हा बरे वाटते म्हणून मध्येच गोळी सोडणारी माणसे घरी जाऊन परत आणणे हेच सगळ्यांत कठीण काम होते. आपल्या इमारतीतही ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद केलेले किमान पाच जण मला ठाऊक आहेत. त्यांनी कृपया आजच डॉक्टरांना फोन करावा.

कानांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तिकडे कुणाचेच लक्ष नसते. ऐकू येईनासे झाले की माणूस गप्पांतून उठतो, लग्नाकार्याला जाणे टाळतो आणि मेंदूला मिळणारा खुराक आटतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षांचा प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. श्रवणयंत्राने सर्वांमध्ये सरसकट फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, त्या गटात बौद्धिक ऱ्हास जवळपास निम्म्याने मंदावला. चष्म्याला आपण लाजत नाही, मग यंत्राला का लाजावे? आणि डोक्याला मार म्हटले की मला आपल्या शहरातील दुचाकीस्वार आठवतात. हेल्मेट कोपरावर अडकवून भाजी आणायला जाणाऱ्या मुलांना आपणच टोकले पाहिजे.

सी-७०४ (सध्या मँचेस्टर), दुपारी १:१०
फ्लॅट भाड्याने दिला असला तरी आई-बाबा बी विंगमध्ये आहेत, म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीला बोलावतात. त्यात रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन आणि मधुमेहाचा धोका पाहतात. स्मरणशक्तीची परीक्षा त्यात नसते. ६५ वर्षांवरील लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे कोणती आणि कुठे जावे, एवढे समजावून सांगतात. आपल्याकडेही असेच करता येईल.

बी-५०१, दुपारी १:३०
आणि त्या गोळ्यांचे काय? मी ब्राह्मीचे सरबत घेतो, रोज सुडोकू सोडवतो.

ए-६०१, दुपारी १:५२
काका, सुडोकू आवडत असेल तर जरूर सोडवा. पण त्यापेक्षा संध्याकाळी कट्ट्यावर चार माणसांत बसून झालेला वाद अधिक मोलाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात, धोका कमी करण्यासाठी ‘ब’ व ‘ई’ जीवनसत्त्वाच्या किंवा मिश्र पूरक गोळ्या घेऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. रक्तात बी-१२ कमी आढळले तर ते घ्यावे, तो उपचार आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असे सर्व एकत्र दिले, तेव्हा त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा चांगली राहिली. एका गोळीने हे झाले नाही.

सचिव, संध्याकाळी ६:४०
सर्वांचे आभार. प्रयोगशाळेस नम्र नकार कळवला आहे. रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत क्लब हाउसमध्ये रक्तदाब, साखर, कान आणि डोळे यांची विनामूल्य तपासणी ठेवत आहोत आणि ती ४० वर्षांवरील सर्वांसाठी आहे. ज्यांना घरातील व्यक्तीच्या वागण्यातील बदलाबद्दल बोलायचे आहे त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत वेगळे टेबल असेल. तेथे डॉक्टर मॅडम बसतील. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सूचना फलकावर लावत आहे. ए विंगच्या जिन्यातील बंद दिवा आजच बदलला आहे, कारण पडून डोक्याला मार लागण्याचा मुद्दा वर आला आहे.

सी-१०३, संध्याकाळी ६:५५
त्या टेबलाशी मीही बसेन. नातेवाइकांना आधी कुणीतरी ऐकून घेणारे लागते, हे मला माहीत आहे.

ए-६०१, संध्याकाळी ७:०५
दादा, जरूर या. बी-२०४ ताई, रविवारी सासूबाईंना आणताना त्या घेतात त्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून आणा, झोपेची असेल तर तीही, आणि आधी त्यांच्या कानात मळ साचला आहे का तेवढे आपण पाहू. मी साडेनऊलाच क्लब हाउसमध्ये येते.