१८६८ च्या सूडकथेत १८७३ चे रिव्हॉल्व्हर: चूक की सोय?

निपाणीकर

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-पंधरा जण जमून एखादा जुना चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर बोलत बसतो. गेल्या खेपेला जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ पाहिला. भावाचे कुटुंब मारून पुतणीला पळवून नेणाऱ्या कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या टोळीच्या मागावर एक माणूस वर्षानुवर्षे हिंडतो, अशी ती सूडाची कथा. सुरुवातीलाच पडद्यावर ‘टेक्सास १८६८’ अशी अक्षरे येतात.

चित्रपट संपल्यावर सगळे जॉन वेन यांच्या अभिनयावर बोलत होते. आमच्यातील एक ज्येष्ठ मात्र गप्प बसले होते. खानापूरकडच्या शेतावर त्यांनी कित्येक वर्षे ठासणीची बंदूक बाळगली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारले, “यांच्या बंदुकीत दारू कोण भरतो?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही.

पुढच्या बैठकीत याच विषयावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नायकाच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि हातातील रायफल नेमक्या कोणत्या सालच्या आहेत, १८६८ मध्ये अशा माणसाकडे खरोखर काय असते, आणि त्यामुळे कथेत काही फरक पडला असता का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

निवृत्त आर्मोरर, बेळगाव कॅम्प

त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगावा. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझी सारी नोकरी लष्कराच्या हत्यारांची दुरुस्ती करण्यात गेली, त्यामुळे जुन्या हत्यारांविषयी वाचण्याची ओढ अजून सुटलेली नाही.

नायकाच्या कमरेला दिसते ते कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’, ज्याला ‘पीसमेकर’ असेही म्हणतात. अमेरिकी सैन्याने ते १८७३ मध्ये स्वीकारले. त्यात मागून तयार पितळी काडतुसे सरकवतात, दारू ओतावी लागत नाही. रायफल विंचेस्टरची खरी, परंतु १८९२ च्या घाटाची, म्हणजे कथा सुरू होते त्याच्या २४ वर्षे पुढची. कथा चार-पाच वर्षे चालते, त्यामुळे शेवटी शेवटी रिव्हॉल्व्हर कसेबसे पदरात घेता येईल. रायफल कोणत्याही हिशेबात बसत नाही. कमरेच्या पट्ट्यात ओळीने खोचलेली पितळी काडतुसे हीदेखील पुढच्याच काळातील गोष्ट आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढून परतलेल्या माणसाकडे १८६८ साली बहुधा टोपीचे रिव्हॉल्व्हर असते: कोल्टचे १८५१ चे .३६ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप, येथे इंचांत) ‘नेव्ही’, १८६० चे .४४ बोअरचे ‘आर्मी’, किंवा युद्धात हाती लागलेले रेमिंग्टन. या हत्यारांना धातूचे काडतूस लागत नाही. सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या, सहाही घरांत समोरून दारू ओतायची, प्रत्येकावर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने ती आत दाबायची, आणि मग मागच्या बाजूच्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ बोंडावर, एकेक तांब्याची टोपी बसवायची; घोडा आदळला की तीच दारू पेटवते. एका घराचा जाळ शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदमच उडण्याचे भय असे, म्हणून गोळीवर चरबी किंवा मेण थापत. दारू आणि गोळी कागदात एकत्र गुंडाळलेली तयार काडतुसेही मिळत, परंतु टोपी तरीही वेगळीच बसवावी लागे. हात बसलेल्या माणसालाही या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागत, आणि धावत्या घोड्यावर तर ते जमणेच कठीण.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. सहा बार संपले की त्या माणसाच्या हातात नुसते लोखंड उरते. मिसूरीतील गनिमी टोळ्यांतले घोडेस्वार चार-चार, पाच-पाच भरलेली रिव्हॉल्व्हरे अंगावर आणि खोगिराला बाळगीत, ती याचसाठी. ‘द सर्चर्स’मध्ये मेलेल्या कोमांची योद्ध्याच्या डोळ्यांवर नायक दोन गोळ्या झाडतो, तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. टोपीच्या रिव्हॉल्व्हरातून ते केले असते, तर मेलेल्या माणसावर त्याने सहापैकी दोन बार खर्च केले, हे शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले असते आणि त्याच्या द्वेषाचे माप प्रेक्षकालाही मिळाले असते.

काळाला साजेसे हत्यार वापरण्याचे पथ्य पाळणारा सूडपट पाहायचा असेल, तर क्लिंट ईस्टवुड यांचा १९७६ चा ‘द आउटलॉ जोसी वेल्स’ दाखवावा. त्यातील नायक कोल्टची दोन ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरे वापरतो. हे १८४७ चे हत्यार असून एकेकाचे वजन २ किलोंच्या वर भरते. ते किती होते हे कळण्यासाठी पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली हात लांब करून अर्धा मिनिट धरून पाहावी. वॉकरचा दोषही मोठा होता. बाराच्या धक्क्याने नळीखालचा दांडा सुटून खाली येई आणि सिलिंडर अडे, म्हणून लोक तो चामड्याच्या वादीने नळीला बांधून ठेवीत.

जांबोटीचा शेतकरी

आर्मोरर काकांनी सांगितलेले सगळे मी लहानपणी घरी पाहिलेले आहे, फक्त सहा घरांऐवजी एका नळीचे. आमच्या आजोबांकडे रानडुकरांपासून भात राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होई आणि मग महिनाभर डबे वाजवून राखण करावी लागे.

ते बंदूक भरत तेव्हा आम्हा मुलांना बोलण्याची परवानगी नसे. दस्ता जमिनीवर टेकवून ते मापाने दारू ओतत, काथ्याचा बोळा गजाने ठासत, मग छर्रे, पुन्हा बोळा. ठासताना गज उसळून वर येऊ लागला की दारू बसली असे समजत. टोपी मात्र अगदी शेवटी, माळ्यावर चढून बसल्यानंतर. बार निघाला की धूर ओल्या हवेत शेताच्या बांधावर तसाच पसरून राही, आणि जनावर पडले की पळाले, हे तो विरेपर्यंत आजोबांनाही सांगता येत नसे. त्यामुळे पडद्यावर दहा-बारा माणसे घरात कोंडून घेऊन गोळीबार करतात आणि तरीही प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ दिसतो, हे माझ्या मनाला कधीच पटले नाही. काळ्या दारूच्या काळात तशा खोलीत तीन-चार बारांनंतर समोरची भिंतही दिसली नसती.

दुसरी गोष्ट साफसफाईची. बार काढल्यावर त्याच रात्री आजी चुलीवर पाणी उकळून देई आणि आजोबा ते नळीत ओतत. पहिले पाणी शाईसारखे काळे येई आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असे. एक रात्र जरी आळस केला, तरी आमच्या पावसात सकाळी नळीला तांबूस गंज दिसे. सूडासाठी वर्षानुवर्षे भटकणारा माणूस रोज रात्री शेकोटीपाशी बसून हे काम करताना मला एखाद्या चित्रपटात पाहायला फार आवडेल.

चिक्कोडीची शिक्षिका

मी शाळेत इतिहास शिकवते. धातूची काडतुसे आधीपासून होती, मग कोल्टसारख्या मोठ्या कंपनीने १८७३ पर्यंत वाट का पाहिली, असा प्रश्न निपाणीकर यांना श्रोते नक्की विचारतील, म्हणून त्याचे उत्तर येथे देते.

कारण पेटंटचे होते. आरपार भोक पाडलेल्या, म्हणजे मागून काडतूस सरकवता येईल अशा सिलिंडरचे पेटंट रोलिन व्हाइट यांनी १८५५ मध्ये घेतले आणि त्याचा हक्क ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनीला मिळाला. त्या कंपनीने १८५७ पासून .२२ बोअरचे सात बारांचे आणि नंतर .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. ती खिशात मावणारी, कमी ताकदीची हत्यारे होती. इतर कारखानदारांना परवाना घेतल्याशिवाय तसा सिलिंडर करता येत नव्हता. पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली. ती वाढवून देण्याचे विधेयक संसदेत संमत झाले होते, परंतु राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. त्यानंतरच कोल्टने जुन्या रिव्हॉल्व्हरांना काडतुसांसाठी बदलून घेण्यास सुरुवात केली आणि १८७३ मध्ये नवे हत्यार आणले. म्हणजे १८६८ या सालाला दाराच्या उंबऱ्यावरचे साल म्हणता येईल. त्या वर्षी काडतुसाचे रिव्हॉल्व्हर कोणाकडेच नसेल असे नाही, पण टेक्सासच्या सीमेवरील एका फिरस्त्याकडे ते असण्याचा संभव फार थोडा.

जाता जाता एक आपल्या जवळची गोष्ट सांगते. ज्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ मध्ये आग पेटली, तीच रायफल चार वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी लाखांच्या संख्येने विकत घेतली. मुलांना हे सांगितले की ती एकदम सरसावून बसतात.

निपाणीकर

काका, ताई, दादा, आपण तिघांनीही मला अपेक्षेपेक्षा फार अधिक दिले. आमच्या ज्येष्ठांना मी हे सर्व वाचून दाखवले. जांबोटीच्या आजोबांचा गज उसळतो तेथे ते हसले आणि “बरोबर” म्हणाले.

आता एकच विचारायचे राहिले. १८९२ ची रायफल पडद्यावर ओळखायची कशी, आणि दिग्दर्शकांना योग्य सालची रायफल मिळत असताना त्यांनी ती का घेतली नाही?

निवृत्त आर्मोरर, बेळगाव कॅम्प

ओळखणे अवघड नाही. १८७३ च्या विंचेस्टरच्या मधल्या लोखंडी पेटीवर बाजूला एक वेगळी झाकणपट्टी बसवलेली दिसते आणि वरच्या अंगाला धूळ अडवणारे सरकते झाकण असते. १८९२ ची पेटी आटोपशीर आणि सलग असते. ती जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली. १८६८ च्या कथेत शोभली असती ती १८६० ची हेन्री किंवा १८६६ ची विंचेस्टर. दोन्हींची पेटी पितळेसारखी पिवळी दिसते. हेन्रीत एका वेळी १६ काडतुसे मावत, परंतु नळीखाली लाकूड नसल्यामुळे बार काढता काढता डाव्या हाताला चटके बसत. युद्धानंतर स्वस्तात मिळणारी, दस्त्यातून सात काडतुसे भरायची स्पेन्सरही चालली असती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोयीत आहे. हॉलिवूडच्या शस्त्रभांडारांत १८९२ च्या रायफली आणि पीसमेकर मुबलक होते आणि ते मजबूतही होते. शिवाय ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे एकच कोरे, म्हणजे गोळी नसलेले, काडतूस त्या काळच्या तीन बोअरच्या रिव्हॉल्व्हरांत आणि दोन बोअरच्या रायफलींत चालत असे. चित्रीकरणाच्या धावपळीत कोणाच्या हाती चुकीचे काडतूस गेले, असा प्रश्नच त्यामुळे उरत नसे. शेकडो बार काढायच्या दिवशी सहा घरांत दारू ठासत कोण बसणार होते? कित्येकदा तर १८९२ च्या रायफलीचे पुढचे लाकूड काढून पेटीला पिवळा रंग देत आणि तीच हेन्री म्हणून दाखवीत.

आपल्या बैठकीत या दोन चित्रपटांच्या जोडीला १९५० चा ‘विंचेस्टर ’७३’ ठेवावा. बापाला मारणाऱ्या भावाच्या मागावर निघालेल्या माणसाची ती कथा १८७६ मध्ये घडते आणि १८७३ चीच रायफल तिच्या केंद्रस्थानी आहे, त्यामुळे साल आणि हत्यार यांचा मेळ बसतो. पेटीवरची ती झाकणपट्टी त्यात जवळून आणि निवांतपणे पाहता येते. तेथे चित्रपट क्षणभर थांबवून मंडळींना ती दाखवावी, आणि मग ‘द सर्चर्स’मधील रायफल शेजारी आणावी.